परड्यातला मोगरा आणि स्वयंपाकघराची ओली भिंत: पाडव्यापर्यंतचे आठ आठवडे

२०२४ च्या पाडव्याला आमच्या दारात गुढी उभी राहिली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये आप्पा, म्हणजे माझे सासरे, गेले. वर्षभर सण नव्हता. २०२५ च्या ७ फेब्रुवारीला वर्षश्राद्ध झालं की ३० मार्चचा पाडवा आमचा पहिला सण होता, आणि त्या दिवसापर्यंत घर नि परडं दोन्ही नीट करायचं असं मनाशी धरलं होतं. ते झालं. पण सुरुवातीला कुठून हात घालायचा हेच कळत नव्हतं, आणि त्या गोंधळात पैसेही वाया गेले. कुणी अशाच कामाच्या तोंडाशी उभं असेल तर उपयोग होईल म्हणून तारखा आणि आकड्यांसकट लिहिते आहे.

घर कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतलं. जुनं, कौलारू, पुढं दोन खोल्या, मागं स्वयंपाकघर आणि त्याच्या पाठीला लागून परडं. पंधरा बाय पंचवीस फूट असेल. आप्पा होते तोवर परड्यात कुणाला काही करावं लागलं नाही. पहाटे उठून ते आळी खुरपायचे, पाणी घालायचे, निवृत्तीनंतरची सगळी वर्षं त्यांनी तिथंच घालवली. ते गेल्यावर आम्ही पाणी तेवढं घालत राहिलो. बाकी सगळं वाढेल तसं वाढलं. कडुलिंबाच्या दोन फांद्या कौलांवर टेकल्या, कुंड्या फुटल्या, आणि स्वयंपाकघराची मागची भिंत खालून कमरेपर्यंत ओली झाली. हिरव्या ऑइलपेंटचे फुगे यायचे, हात लावला की पोपडा हातात.

जानेवारीच्या शेवटी एका रंगाऱ्याला बोलावलं. पुट्टी, प्रायमर, प्लास्टिक पेंट, तीन खोल्या धरून त्यानं चौतीस हजार सांगितले. मागणं चुकीचं नव्हतं, आमच्याकडं तेवढे नव्हते. हे शिरोलीला फौंड्रीत आहेत, मी घरी शिलाईकाम करते, आणि मुलीची दहावीच्या क्लासची फी मार्चमध्येच भरायची होती. रात्री हिशोब मांडला तेव्हा घरासाठी पाच हजार निघत होते.

२ फेब्रुवारी, रविवार, वसंत पंचमी. त्या दिवशी एक पैसा खर्च करायचा नाही असं ठरवून मी आणि मुलगी वही घेऊन घरभर फिरलो. काय मोडलंय, काय गळतंय, काय टाकायचंय ते लिहिलं. हा दिवस मला फार उपयोगी पडला. दुकानात आधी गेलं की दुकानात जे दिसतं तेच आपल्याला हवं होतं असं वाटायला लागतं. माळ्यावरून आप्पांची रद्दी, दोन फुटकी घमेली, गंजलेला स्टोव्ह, जुन्या कूलरचा सांगाडा असं खाली काढलं. भंगारवाल्यानं सगळ्याचे मिळून १,०४० रुपये दिले. म्हणजे हातात ६,०४० झाले.

आता चूक सांगते. वर्षश्राद्धाला पाहुणे येणार, आणि स्वयंपाकघराची भिंत तशी दाखवायची मला लाज वाटत होती. ५ तारखेला ६४० रुपयांची पुट्टी आणि पत्री आणून आम्ही दोघांनी रात्री बसून पोपडे खरवडले आणि वर पुट्टी ओढली. दोन दिवस भिंत गुळगुळीत दिसली. नवव्या दिवशी तिच्यावर भाजलेल्या पापडासारखे फोड आले. बोटानं दाबलं तर आतून ओलसर पांढरी पूड. ६४० रुपये म्हणजे आमच्या सगळ्या पैशांतला दहावा हिस्सा होता, म्हणून फार लागलं.

त्या १४ तारखेलाच ह्यांच्या ओळखीचे एक वयस्कर गवंडी आले. त्यांनी भिंतीकडं फार बघितलंच नाही. ती पूड बोटावर घेऊन जिभेला लावली, थुंकले, आणि मागचं दार उघडून सरळ परड्यात गेले. भिंतीला लागून आप्पांचा मोगऱ्याचा वाफा आहे, तिथं उकिडवे बसले.

"वैनी, खारट हाय. लोणा लागलाय. आणि का लागलाय ते हितं बगा."

मग त्यांनी दाखवलं. वर्षानुवर्षं शेणखत, माती, पालापाचोळा घालून घालून तो वाफा चढत गेला होता. परड्यातल्या मातीची पातळी स्वयंपाकघराच्या फरशीपेक्षा चांगली वीतभर वर होती. जोतं मातीखाली गाडलं गेलं होतं. मोगऱ्याला घातलेलं पाणी रोज भिंतीत मुरत होतं, आणि आतल्या बाजूला ऑइलपेंट असल्यामुळं बाहेर पडायला वाट नव्हती. "ह्यो रंग न्हाई, भिंतीचं नाक दाबलंय," असं ते म्हणाले. ओल वर चढते, बरोबर क्षार आणते, पाणी उडून गेलं की क्षार रंगामागं साठतात आणि फुगून रंगाला ढकलतात. वर छताजवळ दुसरा डाग होता, त्याचं कारण वेगळं. तिथं कडुलिंबाची फांदी वाऱ्यानं घासून कौलं फुटली होती आणि पावसाळ्याचं पाणी तिथून उतरत होतं.

म्हणजे घराचं दुखणं परड्यात होतं. आम्ही मात्र घर आणि बाग अशी दोन पानं वहीत वेगवेगळी लिहिली होती. त्या दुपारी मी ती दोन्ही पानं फाडली आणि एकच यादी केली, कामाच्या क्रमानं. आधी फांदी, मग कौलं, मग वाफ्याची माती, मग भिंत वाळू द्यायची, मग गिलावा, सगळ्यात शेवटी रंग. गवंडीमामा म्हणाले, वाळायला निदान तीन-चार आठवडे द्या, त्याला पैसे पडत नाहीत. पाडवा सहा आठवड्यांवर होता. जमत होतं, पण उद्यापासून लागलो तरच.

फांदीचं काम सुदैवानं आधीच सुरू केलं होतं. आपल्या परड्यातलं, आपणच लावलेलं झाड असलं तरी शहरात ते तोडायला किंवा त्याच्या मोठ्या फांद्या उतरवायला परवानगी लागते. राज्याचा झाडांच्या संरक्षणाचा १९७५ चा कायदा आहे. हे मला शेजारच्या काकांनी सांगितलं म्हणून बरं, नाहीतर आम्ही रविवारी कोयता घेऊन चढलोच असतो.

३ फेब्रुवारीला, सोमवारी, मी महापालिकेत गेले. तिथं कळलं की अर्ज उद्यान विभागाकडं करायचा. सोबत झाडाचे फोटो, जागेचा पुरावा म्हणून चालू वर्षाच्या घरफाळ्याची (घरपट्टीची) पावती, आधारची प्रत. खिडकीवरच्या ताईंनी पावती बघितली आणि विचारलं, "हे नाव कुणाचं?" आप्पांचं. घरफाळा अजून त्यांच्याच नावावर निघतो, वर्षभरात वारस नोंद करायचं आमच्याकडून झालंच नव्हतं. मला वाटलं, आता हे अडकलं. पण त्यांनी शांतपणे समजावलं. नाव लावणं ही वेगळी प्रक्रिया आहे, ती कराच, पण फांद्यांच्या अर्जासाठी सासूबाईंच्या सहीनं अर्ज, आप्पांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत आणि बाकी वारसांची संमती जोडा.

संमती म्हणजे ह्यांची आणि इचलकरंजीला दिलेल्या नणंदेची सही. त्या वर्षश्राद्धाला येणारच होत्या, तेव्हा घेतली. पावत्या शोधायला आप्पांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला. १९८७ पासूनच्या घरफाळ्याच्या पावत्या होत्या, वर्षाप्रमाणे, प्रत्येक दहा वर्षांचा गठ्ठा वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं बांधलेला. दोरे माझ्याच शिलाईच्या डब्यातले होते, शेवटच्या गठ्ठ्याचा जांभळा तर मी ओळखला. त्या डब्यासमोर मी बराच वेळ बसून राहिले.

१० फेब्रुवारीला अर्ज दिला आणि आवक क्रमांकाचा शिक्का आपल्या प्रतीवर मारून घेतला. ही प्रत जपून ठेवा, पुढं प्रत्येक वेळी तोच क्रमांक विचारतात. १८ तारखेला एक कर्मचारी येऊन झाड बघून गेले. फांदीवर घरटं आहे का ते त्यांनी आधी पाहिलं, मग कौलांवर टेकलेल्या दोनच फांद्यांना खडूनं खूण केली. २५ तारखेला पत्र हातात आलं. तेवढ्याच दोन फांद्या काढायच्या, बुंध्याला धक्का लावायचा नाही. अर्ज, फोटो, झेरॉक्स, पावती सगळं मिळून ३१० रुपये आणि चार फेऱ्या. मार्च जवळ आला की घरफाळा भरणाऱ्यांची गर्दी वाढते, त्यामुळं अशी कामं जानेवारी-फेब्रुवारीतच उरकावीत, आणि सकाळी कार्यालय उघडताना जावं.

पत्राची वाट बघत असताना खालचं काम चाललं होतं. आणि तेच सगळ्यात जड गेलं.

वाफ्याची माती उतरवायची म्हणजे मोगरा हलवायचा. तीन झाडं होती, त्यातलं मधलं भिंतीला अगदी चिकटलेलं, सगळ्यात जुनं. आप्पांनी ते कुठून तरी फांदी आणून लावलं होतं आणि उन्हाळ्यात रोज सकाळी ओंजळभर फुलं देवापुढं यायची ती मुख्यतः त्याचीच. मला ते उपटायचा धीर होईना. एवढं जुनं झाड हलवल्यावर जगेल का, मेलं तर आईंना, म्हणजे सासूबाईंना, काय वाटेल. चार दिवस मी विषयच काढला नाही. शेवटी १८ तारखेला रात्री जेवताना बोलले. आई जेवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,

"हलवा की. मोगरा बी त्यांचाच, भिंत बी त्यांचीच."

१९ तारखेला शिवजयंतीची सुट्टी होती, ह्यांनाही आणि मुलीलाही. पहाटे साडेसहाला सुरुवात केली. मोगऱ्याची छाटणी तशीही याच दिवसांत करायची असते. थंडी सरताना पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, जुनी पानं काढायची, फांद्या छाटायच्या, मुळाशी खत भरून मग पाणी सोडायचं. नवीन फुटीवरच कळ्या धरतात. आम्ही आधीपासून पाणी कमी केलं नव्हतं, गवंडीमामा आल्यावर १४ पासून तोडलं. आईंनी स्वतः कात्री घेतली आणि तिन्ही झाडं गुडघ्याएवढी ठेवली. मग मधल्याच्या भोवती दीड फुटावर गोल खणत गेलो. खाली मुळं भिंतीच्या दगडांच्या सांध्यात शिरली होती. ती ओढायची नाहीत, धारदार विळीनं साफ कापायची. मुळांभोवतीचा मातीचा गड्डा फुटू नये म्हणून माझ्याकडच्या मांजरपाटाच्या तुकड्यात बांधला, गाठ मारली, आणि दोघांनी उचलून चार फूट पुढं, आधी खणून पाणी मुरवलेल्या खड्ड्यात ठेवला. कापड सुती असेल तर काढायचीही गरज नाही, मातीत कुजून जातं. वर वाळला पाला पसरला आणि दुपारच्या उन्हाला आडोसा म्हणून जुनी छत्री रोवली.

मग माती. घमेल्यानं मोजली तर शहाण्णव घमेली निघाली. भिंतीपासून अडीच फूट रुंदीचा पट्टा फरशीच्या वीतभर खाली नेला आणि भिंतीपासून लांब उतार दिला. खणताना जोत्याचा काळा दगड बाहेर आला. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हा दगड कधी बघितला नव्हता. आई म्हणाल्या, आधी त्यावर बसून त्या धुणं वाळायची राखण करायच्या. काढलेली माती फुकट नाही गेली. इतक्या वर्षांचं शेणखत खाल्लेली काळी, भुसभुशीत माती. ती परड्याच्या दुसऱ्या टोकाला वाफ्यात आणि कुंड्यांत भरली. विकत घ्यायचं म्हटलं असतं तर कितीतरी पैसे गेले असते.

आतल्या बाजूनं भिंतीचा रंग खरवडणं हे रोजचं काम झालं. रात्री जेवणं झाली की तासभर. लोणा आलेली भिंत धुवायची नाही, पाण्यानं क्षार विरघळून परत आत जातो. कोरड्या ताठ ब्रशनं झाडायची, पूड सुपडीत गोळा करून बाहेर टाकायची, बागेत नाही. पहिल्या आठवड्यात रोज वाटीभर निघायची, तिसऱ्या आठवड्यात चमचाभर. नाकातोंडाला ओढणी बांधा, ती पूड फार चुरचुरते. ओट्याखालचे डबे, पिठाचा पिंप सगळं पुढच्या खोलीत आणून ठेवलं होतं आणि महिनाभर आम्ही तसंच राहिलो. मागचं दार दिवसभर उघडं ठेवायचं. फेब्रुवारी-मार्चचं कोरडं ऊन आणि वारा हेच औषध, पावसाळ्याच्या तोंडावर हे काम काढू नये.

२ मार्चला फांद्या उतरवल्या. झाडं छाटणारे दोघं, ९०० रुपये. एवढ्यासाठी घासाघीस केली नाही, कारण त्यांनी फांदी एकदम न तोडता दोर बांधून तुकड्या-तुकड्यानं खाली सोडली, एकही कौल फुटलं नाही. शिडी गल्लीतल्या तालमीनं दिली, मांडवाला वापरतात ती, भाडं नाही. कापलेल्या जागी आईंनी शेण-माती लिंपली. कडुलिंबाला तेव्हा तांबूस कोवळी पालवी फुटली होती, फांद्यांवरचा पाला सावलीत वाळवून धान्याच्या डब्यांत घातला.

दुसऱ्या दिवशी कौलं. चौदा फुटली होती. नवी घेण्यापेक्षा जुनं घर पाडलेल्या ठिकाणची मंगलोरी कौलं शोधा. आमच्या जुन्या कौलांच्या खाचेत नवी नीट बसत नव्हती. जुनी पंधरा रुपयांना एक, म्हणजे २१० रुपये. घेताना प्रत्येक कौल बोटाच्या पेरानं वाजवून घ्या. खणखणीत वाजलं तर चांगलं, भद्द वाजलं तर त्याला चीर आहे. शाकारणाऱ्याची दिवसाची हजेरी ७००. पन्हळीत साचलेला पाला त्यानंच काढला.

९ मार्चला गवंडीमामांनी भिंतीवर तळहात टेकवून, मग गाल टेकवून बघितलं आणि होकार दिला. जिथं गिलावा सुटला होता तेवढाच काढून त्यांनी चुना जास्त आणि सिमेंट अगदी कमी असं मिश्रण भरलं. जुन्या भिंतीला नुसतं सिमेंट लावलं तर ओल पुन्हा कोंडते, असं त्यांचं म्हणणं. हजेरी ८००, वाळूचं एक पोतं १२०, सिमेंट शेजाऱ्यांकडं उरलेलं. आठवडाभर त्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडलं.

रंगाला चुनाच घ्यायचा हे तोवर पक्कं झालं होतं. स्वस्त आहे म्हणून आणि भिंतीला श्वास घेऊ देतो म्हणून. लक्ष्मीपुरीतून बारा किलो कळीचा चुना आणला, २५ रुपये किलोनं ३०० झाले. चुना विझवताना काळजी घ्या, हे मी फार कळकळीनं सांगते आहे. प्लॅस्टिकच्या बादलीत नाही, पत्र्याच्या डब्यात किंवा लोखंडी पिंपात. आधी पाणी, मग त्यात थोडी थोडी कळी, उलट नाही. ह्यांनी फौंड्रीतला चष्मा आणि हातमोजे घातले होते. पहिला खडा पडल्यावर क्षणभर काहीच झालं नाही. मग तो तडकला, आणि पाणी चुलीवर ठेवल्यासारखं खदखदायला लागलं. मुलीला आणि मांजराला खोलीत कोंडून ठेवलं होतं. तीन दिवस तो तसाच झाकून ठेवला, वरून सायीसारखा झाला. मग जुन्या सुती साडीतून गाळला, दुधाएवढा पातळ केला, त्यात थोडं फेव्हिकॉल, मूठभर मीठ आणि पुरचुंडीत बांधलेली नीळ. दोन कुंचले, फेव्हिकॉल, नीळ मिळून ३३० रुपये.

लावायला मुद्दाम २० मार्च धरली. १९ ला रंगपंचमी होती, आणि आमच्या गल्लीत त्या दिवशी कुठलीच भिंत पांढरी राहत नाही. २०, २१, २२ असे तीन हात दिले. आधी भिंतीवर पाण्याचा हलका हबका मारायचा. पहिला हात दिला तेव्हा मी घाबरले, कारण काही दिसतच नव्हतं, खालचे सगळे डाग आरपार दिसत होते. हे म्हणाले, थांब. तासाभरात कडेकडेनं पांढरं उमटायला लागलं, आधी ठिपके, मग पट्टे. चुना ओला असताना पारदर्शक असतो आणि वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पांढरा, घट्ट होत जातो. म्हणून पातळ हात द्यायचा आणि पुढचा हात दुसऱ्या दिवशी. जाड थापला तर तडे जातात. जिथं जुना ऑइलपेंट राहून गेला होता तिथं चुना धरला नाही, तेवढं परत खरवडावं लागलं. पुढच्या दोन खोल्यांना आम्ही हात लावला नाही. तिथला रंग जुना आहे पण चांगला आहे, नुसत्या झाडून-पुसून घेतल्या.

दाराची चौकट सागवानी. पॉलिशपेपर मारून जवसाचं तेल चोळलं, २६० रुपये. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवा.

परड्याचं थोडक्यात सांगते. शेणखत ६० रुपयाला पोतं, चार घेतली. घेताना हात घालून बघा. वास येत असेल, गरम लागत असेल तर ते कच्चं आहे. आमच्या एका पोत्यात हुमणीच्या पांढऱ्या, वाकड्या अळ्या निघाल्या, म्हणून सगळं खत पोत्यावर पसरून उन्हात घातलं, कोंबड्यावाल्या शेजाऱ्यांनी अळ्या आनंदानं नेल्या. भेंडी, गवार, काकडीचं बी १२० रुपये. २३ फेब्रुवारीला लावलं, भेंडीचं बी रात्रभर भिजवून. मेथी आणि धने मात्र स्वयंपाकघरातलेच. भाजलेले नसले की उगवतात, धने हलके रगडून दोन दले करायचे. पाच कुंड्या शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून ३५० ला, बाकी तेलाचे डबे भोकं पाडून.

आणि पाचट, म्हणजे ऊसाचा वाळला पाला. ह्यांच्या एका सोबत्याचं वडणग्याला ऊसाचं रान आहे. तोडणी झाली होती, पाचट पेटवणारच होते. आम्ही दोन मोठे भारे मोटारसायकलवर बांधून आणले. वाफ्यात रोपांच्या मधल्या जागेत चार बोटं जाड पसरलं. मार्चच्या उन्हात रोज लागणारं पाणी एक दिवसाआड पुरायला लागलं. कोल्हापूरच्या आसपास तोडणीच्या हंगामात पाचट मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही. फक्त भिंतीपासून लांब ठेवा, वाळवी येते.

हलवलेल्या मोगऱ्याचं रोज सकाळी बघणं चालू होतं. पहिले दहा दिवस काड्या नुसत्या करड्या. ३ मार्चला मी एका काडीची साल नखानं किंचित खरवडली, खाली हिरवं होतं. आईंना हाक मारली. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि काही न बोलता तांब्याभर पाणी घालून गेल्या. १२ तारखेला, होळीच्या आदल्या दिवशी, बुडाशी तांदळाएवढा कोंब आला.

२९ मार्चला रात्री वही मिटली तेव्हा खर्च ५,२८० झाला होता, वाया गेलेल्या पुट्टीसह. ७६० उरले. त्यातून साखरेची माळ, पूजेचं सामान आणि आईंना एक सुती साडी माझ्या ओळखीच्या दुकानातून. गुढीची काठी आप्पांचीच, माळ्यावर कापडात गुंडाळलेली होती. कडुलिंबाचा डहाळा आमच्याच झाडाचा, पांढऱ्या बारीक मोहरासकट. गुढी ह्यांनी बांधली, कारण आजवर ती आप्पा बांधायचे आणि ह्यांनी फक्त काठी धरलेली. गाठ दोनदा सुटली. तिसऱ्यांदा आईंनी पुढं होऊन कशी मारायची ते दाखवलं.

दोन मोगऱ्यांना त्या दिवशी मिळून अकरा कळ्या होत्या. मधल्याला एकही नव्हती, नुसती लुसलुशीत पानं. भेंडीला पिवळी फुलं आली होती, भेंडी यायला अजून आठवडा होता. मेथीची भाजी मात्र पाडव्याच्या पानात घरची होती.

वारस नोंदीचा अर्ज मी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दिला. त्याची कागदपत्रं बहुतेक तीच, एकदा गोळा केलेली. तिथला आवक क्रमांक बिस्किटांच्या डब्यात ठेवला आहे, हिरवा दोरा बांधून.

मग एका संध्याकाळी पहिला वळीव आला. ढग आधी ज्योतिबाच्या बाजूनं काळे झाले, मग वारा, मग टपोरे थेंब कौलांवर. वीज गेली. मी बॅटरी घेऊन स्वयंपाकघरात छताजवळचा कोपरा बघत उभी राहिले. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. पन्हळीतून पाण्याची धार परड्यात पडत होती आणि उतारावरून भिंतीपासून लांब वाहत होती. आई उठून आल्या. अंधारातच खाली वाकून त्यांनी भिंतीला हाताची उलटी बाजू लावली, पोराचा ताप बघतात तशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"कोरडी हाय," त्या म्हणाल्या. "बॅटरी बंद कर आता, सेल संपत्यात."